दार्जिलिंगची स्टीम जॉयराइड घ्यावी का, आणि एवढुसं इंजिन डोंगर चढतं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दिवाळीच्या सुट्टीत बायको, दोन मुलं आणि आईला घेऊन दार्जिलिंगला जाताय, तिथल्या छोट्या डोंगरी रेल्वेची दोन तासांची जॉयराइड डिझेलची घ्यावी की स्टीमची, स्टीमला एवढे जास्तीचे पैसे कशाचे, बसायचं कुठे, आईला दम्याचा थोडा त्रास आहे तर चालेल का, आणि मोठ्या मुलाने विचारलंय की मधला दातांचा रूळ (काही डोंगरी लाइनींवर इंजिनाचं दातेरी चाक अडकायला असतो तो) नसताना हे इंजिन चढतं कसं. यातला मुलाचा प्रश्न एक नंबर आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की पैसे कशाचे ते पण कळतं आणि बसायचं कुठे ते पण कळतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी कोण सांगणारा, तर गोंदिया-जबलपूर नॅरोगेजला, म्हणजे अरुंद रुळांच्या लाइनला, क्लीनर म्हणून लागलो, मग फायरमन (जाळात कोळसा घालणारा), मग ड्रायव्हर, पुढे डिझेल आलं आणि कोळसा सुटला. आमच्या दोन रुळांत अडीच फूट अंतर होतं, दार्जिलिंगला दोन फूट आहे, इंजिनं वेगळी, डोंगर वेगळा, पण आग, पाणी आणि रूळ यांचं गणित तेच. रिटायर झाल्यावर दार्जिलिंगला जाऊन बऱ्याचदा नुसता इंजिनांच्या शेडसमोर उभा राहून आलोय. घरचे वैतागतात.

आता चढण्याचं. दार्जिलिंग हिमालयन रेल्वे १८८१ मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोचली, फ्रँकलिन प्रेस्टेज नावाच्या माणसाची ती कल्पना. आधीपासून जो बैलगाड्यांचा हिल कार्ट रोड होता त्याच्याच कडेने रूळ टाकले. रूळ अरुंद ठेवले की वळणं आवळून घेता येतात, डोंगर कमी कापावा लागतो, पूल-बोगद्यांचा खर्च वाचतो. त्याची किंमत अशी की चढ मात्र जसा रस्त्याचा आहे तसा घ्यावा लागतो. खालच्या टप्प्यात काही ठिकाणी तो वीसला एकच्या जवळ जातो, म्हणजे २० मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. आपल्याकडे कर्जत-लोणावळा घाट ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात हे तुम्ही खिडकीतून पाहिलं असेलच, त्यावरून अंदाज करा.

या लाइनवर जे निळं इंजिन दिसतं ते बी क्लास. पहिलं १८८९ चं, शेवटची १९२५ च्या आसपासची, म्हणजे त्यातलं सगळ्यात तरुण इंजिन पण शंभरीला आलंय. चार चाकं, बस्स. आणि चारही चाकं ओढणारी आहेत. मोठ्या स्टीम इंजिनांना पुढेमागे नुसतं वजन पेलणारी चाकं असतात, तेवढं वजन ओढायच्या कामी येत नाही. इथे मात्र साधारण १५ टन वजन आहे ते सगळंच्या सगळं त्या चार चाकांवर, आणि पाण्याची टाकीसुद्धा बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी टाकलेली आहे म्हणजे पाण्याचं वजनही चाकांवरच. कोळशाची पेटी पण इंजिनावरच, मागे वेगळा टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, नाही.

कोरड्या रुळावर लोखंडी चाक आपल्या अंगावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी ओढ घसरल्याशिवाय देऊ शकतं, म्हणजे १५ टनांवर पावणेचार टनांच्या आसपास. आता इंजिन आणि डबे मिळून ३० टन धरा. ४० ला १ चा चढ असेल तर नुसत्या चढासाठी दर टनाला २५ किलो ओढ लागते, म्हणजे ३० टनांना ७५० किलो. वीसला एक असेल तर दुप्पट, दीड टन. वर वळणांवर चाकाची कड रुळाला घासते त्याचं वेगळं. तरी पण पावणेचारच्या आत बसतंय ना? म्हणून दातांची गरज नाही. मुलाला हे गणित कागदावर करून दाखवा, जमेल त्याला.

पण हे झालं कोरड्या रुळाचं. दार्जिलिंगला कोरडा रूळ ही पाहुण्यासारखी गोष्ट आहे हो. धुकं, दव, रस्त्यावरचं तेल, चिखल, झाडांची पानं, आणि लाइन भर बाजारातून जाते म्हणजे भाजीचा पाला पण. ओल्या रुळावर ती पकड निम्म्यावर येते कधी कधी त्याहून खाली, आणि मग चाक जागच्या जागी फिरायला लागतं, आम्ही म्हणायचो इंजिनाने स्लिप मारली. त्यावर उपाय एकच, वाळू. इंजिनाच्या पुढच्या बफरवर, म्हणजे तोंडाशी असलेल्या आडव्या पट्टीवर, माणसं बसलेली दिसतील, ती फोटोसाठी बसलेली नसतात, चाकाच्या पुढे रुळावर हाताने वाळू टाकायला बसलेली असतात. पूर्वीपासूनची पद्धत आहे. एका छोट्या इंजिनाला ड्रायव्हर, फायरमन, कोळशाच्या पेटीवर बसून कोळसा फोडून पुढे सरकवणारा, आणि पुढे वाळूवाले. डिझेलला एवढी माणसं लागत नाहीत. जास्तीचे पैसे कशाचे याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे तो बॉयलर. डिझेल चावी फिरवली की चालू. स्टीमचं इंजिन थंड असेल तर ते तयार व्हायला कित्येक तास लागतात, कारण घाईने तापवलं तर लोखंड सगळीकडे सारखं फुगत नाही आणि सांधे, नळ्या गळायला लागतात. म्हणजे सकाळच्या गाडीसाठी कुणीतरी अंधारात उठून जाळ घातलेला असतो. दार्जिलिंगची शेड स्टेशनच्या समोरच रस्त्यापलीकडे आहे, तुमची गाडी सकाळची असेल तर तासभर आधी जाऊन बाहेरून बघत उभे राहा, वाटेत न येता. तेल देणं, राख काढणं, पाणी भरणं, सगळं उघड्यावर चालतं. माझ्या मते तिकिटातला हा सगळ्यात स्वस्त भाग आहे, कारण त्याला तिकीटच लागत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा, जो बहुतेक लोक सांगत नाहीत. घुम स्टेशन २२५८ मीटरवर आहे, भारतातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. दार्जिलिंग स्टेशन साधारण २०७६ मीटरवर. म्हणजे खालून न्यू जलपाईगुडीहून येणारी गाडी घुमपर्यंत चढते आणि मग दार्जिलिंगला उतरत येते. जॉयराइड दार्जिलिंगहून निघते, घुमला जाते आणि परत येते. म्हणजे जाताना चढ, येताना उतार. सात-एक किलोमीटरमध्ये १८० मीटर, सरासरी ४० ला १ पडतो, मध्ये मध्ये त्याहून तीव्र. इंजिन खरं काम करतं ते जाताना. येताना ते रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) बंद करून, ब्रेक सांभाळत नुसतं खाली घरंगळत येतं, आवाज फारसा नाही, धूर फारसा नाही. आणि लोक काय करतात, जाताना आत बसून सेल्फी, डबे उघडून खाणं, आणि येताना म्हणतात आता जरा इंजिन बघू. तोवर खेळ संपलेला असतो! तुम्ही उलटं करा. पहिला अर्धा भाग कान उघडे ठेवून बसा, खाणंपिणं परतीला.

ऐकायचं काय ते सांगतो. इंजिनाला दोन सिलिंडर, पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ ढकलते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चिमणीतून चार वेळा फुसकारा. चाक २६ इंचाचं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी दोन मीटरच्या किंचित पुढे जाते. ताशी १० किलोमीटर धरा, मिनिटाला ८० फेरे, म्हणजे ३२० फुसकारे, सेकंदाला पाचाच्या वर. म्हणून हे चिमुकलं इंजिन एवढी धडपड करतंय असं वाटतं, पण वेग बघाल तर शेजारून सायकलवाला पुढे जाईल. चढ वाढला की आवाज जड होतो, फुसकाऱ्यांमधलं अंतर वाढतं, आणि मध्येच एकदम फटफटफटफट असा वेडा आवाज आला तर समजायचं स्लिप मारली. लगेच आवाज तुटतो, कारण ड्रायव्हरने रेग्युलेटर मिटला, मग पुन्हा हळूहळू उघडतो. वाळूवाला तेवढ्यात हात चालवतो. हा प्रकार डब्यात बसून डोळे मिटून सुद्धा कळतो. चांगला ड्रायव्हर स्लिप व्हायच्या आधीच ओळखतो, कसं ते विचारू नका, पायाखालच्या पत्र्यातून येतं ते.

हा फुसकारा नुसता आवाज नाही, इंजिनाचा श्वास तोच आहे. वापरलेली वाफ जोरात चिमणीतून बाहेर जाते आणि जाताना चिमणीखालच्या पेटीतली हवा खेचून नेते, त्यामुळे मागे फायरबॉक्समधून, म्हणजे जाळाच्या पेटीतून, ताजी हवा जाळात ओढली जाते. म्हणजे इंजिन जितकं जोरात ओढेल तितका जाळ आपोआप भडकतो. ज्याने हे पहिल्यांदा जमवलं त्याला सलाम. इंजिन उभं असलं की हा ओढा बंद, मग वेगळा ब्लोअर उघडून वाफेची पिचकारी चिमणीत सोडतात, स्टेशनवर उभ्या इंजिनातून जो सतत सूंऽऽ आवाज येतो तो बहुतेक तोच.

धुराबद्दल माझं मत जरा कडू आहे. चिमणीतून काळा भप्पकारा निघाला की सगळे कॅमेरे वर. आमच्या काळी काळा धूर काढला की इन्स्पेक्टर ओरडायचा, कारण काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा आकाशात फेकणं. एकदम फावडी भरभरून टाकली की जाळ दबतो, धूर होतो आणि पाच मिनिटांनी स्टीम पडते, म्हणजे वाफेचा दाब उतरतो. चांगला फायरमन थोडा थोडा, पातळ पसरून, कोपऱ्यात आधी, असा टाकतो, आणि धूर फिकट राखाडी राहतो. फोटोवाल्यांसाठी मुद्दाम काळा काढतात ते मला आवडत नाही, पण माझ्या आवडीला कोण विचारतं. आणि जो पांढरा ढग दिसतो ती वाफ नव्हे बरं का, ते वाफेचं परत झालेलं पाणी. खरी वाफ दिसतच नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीची वाफ बाहेर सोडणारी झडप) उडाला की नीट बघा, तोंडाशी दोन-चार इंच काहीच नसतं, रिकामी हवा, आणि मग पांढरं सुरू होतं. त्या रिकाम्या जागेत बोट गेलं तर हाडापर्यंत भाजेल. मुलांना हे आधी सांगून ठेवा. थंडीत हा ढग जास्त दाट होतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यात देखण्या.

आणखी एक गोष्ट मुलांना आधी सांगा. गाडी सुटताना पुढच्या चाकांच्या बाजूला जमिनीलगत दोन्हीकडून वाफेचे फवारे सुटतात. लोक दचकतात, काही बिघडलं म्हणतात. उभं असताना सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होऊन साचतं, आणि पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आपटला तर सिलिंडरचं झाकणच उडेल. म्हणून सुटताना सिलिंडरखालचे कॉक म्हणजे नळ उघडे ठेवून पाणी बाहेर काढतात. तेव्हा इंजिनाच्या बाजूला, सिलिंडरच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा मागे, कॅबच्या म्हणजे ड्रायव्हरच्या जागेच्या अंगाला उभं राहा. तिथून फायरबॉक्सचं दार उघडलं की आतला जाळ पण दिसतो. दार उघडंच का ठेवत नाही असं मुलगा विचारेल, तर सांगा, उघड्या दारातून गार हवा आत शिरते आणि स्टीम पडते, म्हणून उघड-टाक-मिट, उघड-टाक-मिट.

कॅबमध्ये डोकावायला मिळालं (ड्रायव्हरला हसून विचारा, गर्दी नसली तर नाही म्हणत नाहीत बहुतेक) तर एकच गोष्ट बघा, काचेची उभी नळी. त्यात बॉयलरमधलं पाणी दिसतं. या इंजिनाचा दाब साधारण चौरस इंचाला १४० पौंडांचा, लोकांना वाटतं ड्रायव्हरची नजर दाब दाखवणाऱ्या त्या गोल घड्याळावर असते, पण माझी तरी जास्त या नळीवर असायची. दाब कमी झाला तर गाडी उभी राहते, पाणी कमी झालं तर माणसं मरतात, एवढा फरक आहे. फायरबॉक्सच्या डोक्यावर पाणी कायम असायला लागतं, ते उघडं पडलं तर वरचा पत्रा लाल होऊन मऊ पडतो. त्यासाठी पत्र्यात एक शिशाचा प्लग बसवलेला असतो, पाणी गेलं की शिसं वितळतं आणि वाफ जाळावर येऊन सावध करते. प्लग जाणं म्हणजे फायरमनची नाचक्की, शेडमध्ये तोंड दाखवायची सोय राहत नाही.

आणि डोंगरात ही नळी खोटं बोलते. चिमणी पुढे ठेवून चढताना बॉयलर मागे कललेला असतो, पाणी मागे येतं, नळी भरलेली दिसते. चढ संपून उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं आणि नळी झर्रकन खाली. पाणी तेवढंच आहे, पण फायरबॉक्सचं डोकं आता उघडं पडू शकतं. इंजिन उलटं तोंड करून चालत असेल तर सगळा हिशोब उलटा. म्हणून माथ्यावर पोचायच्या आधीच इंजेक्टर लावून पाणी वाढवून ठेवायचं. इंजेक्टर ही अजब चीज आहे, बॉयलरच्याच वाफेने बॉयलरमध्येच पाणी ढकलतो, कुठे पंप नाही, हलणारा भाग जवळपास नाही. नीट लागला की बारीक गाण्यासारखा आवाज, न लागला तर खाली भसाभस पाणी सांडतं. घुमच्या आधी हा आवाज आला तर मुलाला सांगा, फायरमन पुढच्या उताराची तयारी करतोय.

वाटेत बतासिया लूपला दहा-एक मिनिटं थांबतात. १९१९ मध्ये झाला हा लूप. जागा कमी आणि उंची तर मिळवायची, मग रूळ गोल फिरवून स्वतःवरूनच नेला, रस्ता लांबला की चढ सौम्य झाला. मध्ये गोरखा सैनिकांचं स्मारक आहे, बाग आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर कांचनगंगा, ८५८६ मीटर. दिवाळीच्या सुमाराला सकाळी दिसायची शक्यता चांगली, दुपारकडे ढग चढतात. म्हणून सकाळची गाडी मिळाली तर तीच. उजवीकडे बसू की डावीकडे यावर मात्र भांडू नका, लूपमध्ये गाडी पूर्ण गोल फिरते, जो डोंगर इकडे होता तो तिकडे येतो, आणि वाटेत रूळ रस्ता ओलांडत बाजू बदलत राहतो. भांडायचंच असेल तर इंजिनाच्या जवळचा डबा मिळवण्यासाठी भांडा. अर्थात सीट नंबर तिकिटावर येतो, तेव्हा जे येईल ते. लांबचा डबा मिळाला तरी लूपवर खिडकीतून अख्खं इंजिन वळताना दिसतं, फोटोला उलट तोच बरा.

घुमला अर्धा तासाच्या आसपास मिळतो, तिथे रेल्वेचं छोटं म्युझियम आहे, बघा, पण सगळा वेळ त्यात घालवू नका. बाहेर इंजिन सुटं होऊन पुढचं मागे लागतं, जाळ सारखा करतात, राख पाडतात, ते बघण्यात मुलं जास्त रमतील.

डोळे जपा. कोळशाचे बारीक, विझलेले कण हवेतून येतात, इंजिनामागच्या पहिल्या डब्यात जास्त. साधा चष्मा किंवा गॉगल पुरतो. डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं, चोळलं की कण रुततो. पांढरे कपडे नकोत. हात, डोकं, मोबाईल खिडकीबाहेर अजिबात नको, इथे दुकानांच्या पायऱ्या आणि घरांच्या भिंती खरोखर हाताच्या अंतरावरून जातात.

आता एक गैरसमज. बरेच जण जॉयराइड करून येतात आणि विचारतात तो झिगझॅग कुठे होता. तो जॉयराइडच्या टप्प्यात नाहीच. झिगझॅग, म्हणजे गाडी पुढे जाऊन थांबते, मग मागे उलटी चढते, मग परत पुढे, असे सहा आहेत आणि ते सगळे खालच्या बाजूला. तसंच अॅगनी पॉइंटचा तो प्रसिद्ध आवळलेला लूप पण खालीच. ते बघायचं असेल तर न्यू जलपाईगुडीहून निघणारी लांबची गाडी, साधारण ८८ किलोमीटर आणि अख्खा दिवस, आणि ती डिझेलवर चालते. लहान मुलं आणि आई बरोबर असताना मी ते सुचवणार नाही, वर जीपने या आणि जॉयराइड करा. शिवाय खालचा टप्पा पावसाळ्यात दरडींनी बंद पडत असतो, २०१० नंतर तर मधला भाग काही वर्षं तुटलेलाच होता, २०१५ ला परत सलग झाला. जॉयराइडचं त्यावर अवलंबून नसतं.

ज्याला स्टीम जास्त वेळ हवीये त्याने नीलगिरीला जावं हे प्रामाणिकपणे सांगतो. मेट्टुपालयम ते कुन्नूर, मीटरगेज, १२.५ ला १ चढ, तिथे मात्र तुमच्या मुलाचा दातांचा रूळ आहे. एवढ्या चढाला नुसत्या घर्षणावर चालत नाही, म्हणून मधल्या दात्यांमध्ये इंजिनाचं दातेरी चाक अडकतं, त्यासाठी इंजिनाला वेगळे सिलिंडर, आणि इंजिन गाडीच्या मागे लावून वर ढकलतात म्हणजे काही तुटलं तरी डबे खाली पळणार नाहीत. कुन्नूरच्या पुढे ऊटीपर्यंत डिझेल. कालका-शिमल्याला पण एक १९०५ चं स्टीम इंजिन राखून ठेवलंय, पण ते अधूनमधूनच, खास बुकिंगवर निघतं. आणि आपलं माथेरान, १९०७ चं, वीसला एकचा चढ, पीरभॉय कुटुंबाने बांधलेलं, तिथली जर्मन इंजिनं तर वळणावर चाकांचे आस थोडे वळतील अशी खास केलेली होती. तिथे स्टीम १९८० च्या दशकातच गेली. हल्ली डिझेललाच वाफेच्या इंजिनाचा वेश चढवलेलं एक इंजिन आहे, मुलांना गंमत वाटते, मला नाटकातल्या दाढीसारखं वाटतं. असो.

बुकिंग आयआरसीटीसीवरच करा, सुट्टीचे दिवस असल्यामुळे जितकं लवकर तितकं बरं, भाडं बदलत असतं म्हणून आकडा सांगत नाही, पण स्टीम डिझेलपेक्षा बरंच महाग असतं एवढं धरून चला. तिकीट काढताना गाडी स्टीम आहे की डिझेल ते नीट वाचून घ्या, वेळा जवळजवळ असतात आणि घाईत भलतंच काढलं जातं. आणि मनाची तयारी ठेवा की शंभर वर्षांचं यंत्र ऐनवेळी नाही म्हणू शकतं. बॉयलरची नळी गळली, तर त्या दिवशी ते इंजिन निघणार नाही, आणि निघू पण नये. तेव्हा वादावादी करू नका, काउंटरवर जाऊन पुढची गाडी किंवा फरकाचे पैसे काय ते विचारा, आणि जमत असेल तर दार्जिलिंगमधला पहिला दिवस यासाठी ठेवा म्हणजे दुसऱ्या दिवशी परत बघता येतं.

आईंचं. दमा असेल तर इंजिनामागचा पहिला डबा त्यांना नको, हे नक्की. उभ्या इंजिनाचा धूर प्लॅटफॉर्मवर खाली बसतो, घुमला आणि बतासियाला तर जास्तच, तेव्हा त्यांना इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा, पंप हाताशी ठेवा, नाकातोंडावर रुमाल नाही तर नीट बसणारा मास्क. थंडी आणि उंची पण त्रास वाढवते, निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच. आणि ते नको म्हणाले तर सरळ दोन तिकिटं डिझेलची काढा, तुम्ही आणि मुलं स्टीमला, बायको आणि आई डिझेलला. लूप तोच, कांचनगंगा तीच दिसेल. मोठ्याला मात्र स्टीमलाच न्या, आणि घरून निघायच्या आधी त्याच्याकडून ते ३० टनांचं गणित एकदा करून घ्या.